चौसष्टाव्या वर्षीचे पदार्पण

आम्ही दोघींनी मिळून आयुष्यात एकच विनोदी लेख लिहिला. तो १९९७-९८च्या महाविद्यालयीन वार्षिकात छापून आला आणि त्याला पारितोषिकही मिळाले. तेव्हा आम्ही सांगलीत बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आज आमच्यातली एक साताऱ्यात मराठी शिकवते, दुसरी सांगलीतच राहून शिकवते. लेखाचा विषय होता आशा भोसले यांचा ‘जानम समझा करो’ हा अल्बम. एखादी आजी लग्नात वरातीपुढे नाचू लागावी आणि नातवंडांनी लाजेने मान खाली घालावी, अशा आशयाचे पहिले वाक्य होते. पुढची वाक्ये त्याहून वाईट होती. ती इथे सांगण्याचे धैर्य आम्हांला नाही.

त्या काळाविषयी थोडे सांगायला हवे. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आला आणि चित्रपटाचा टेकू न घेताही हिंदी गाणे घरोघर पोचू शकते, हे बाजाराला कळले. पुढच्याच वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनियल कझिन्स’ आले. केबलवाल्याने आमच्या गल्लीत तार टाकली होती आणि संगीताच्या वाहिन्या दिवसभर चालू असत. राहुलदेव बर्मन जानेवारी १९९४मध्ये गेले होते. त्यांच्या हयातीच्या अखेरीस ज्या निर्मात्यांनी पाठ फिरवली होती, तेच आता त्यांच्या चाली नव्या ठेक्यावर बसवून विकल्या जाताना पाहत होते. १९९५च्याच ‘रंगीला’त ए. आर. रहमान यांच्या चालीवर आशाबाई गायल्या आणि पडद्यावर उर्मिला मातोंडकर नाचल्या. वयाचा प्रश्न तेव्हा कुणी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

दोन वर्षांनी तोच आवाज लेस्ली लुईस यांच्या चालींवर आला, तेव्हा मात्र काढला. असे का झाले, हे समजायला आम्हांला फार वर्षे लागली. पार्श्वगायन ही एक सोयीची व्यवस्था आहे. आवाज साठीचा असो, त्याला चेहरा विशीचा मिळतो आणि ऐकणारा निश्चिंत होतो. अल्बममध्ये ही सोय नव्हती. कॅसेटच्या वेष्टनावर नायिका नव्हती, गायिका होती. चित्रफितीत कुणीही नाचो, गाणे तिच्या नावाचे होते, आणि त्यातले आर्जव, लाडिकपणा, रुसवा हे सारे कुठल्याही पात्राचे नसून तिचे स्वतःचे आहे, असे मानणे श्रोत्याला भाग पडत होते. ‘रात शबनमी’ ऐकताना आम्हांला नेमके हेच खुपले होते. आवाजात दोष सापडत नव्हता, म्हणून आम्ही वयात शोधला.

निर्मितीची रीतही पालटली होती. चित्रपटाच्या जुन्या ध्वनिमुद्रणात शंभरेक वादक, संयोजक आणि गायिका एका वेळी एका छताखाली उभे असत. शेवटच्या कडव्यात एकाने चूक केली तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्या शिस्तीत आशाबाई घडल्या. १९४३च्या ‘माझं बाळ’मध्ये दत्ता डावजेकरांकडे पहिले गाणे गायले तेव्हा त्या दहा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. नव्या रीतीत ताल यंत्रावर आधीच रचलेला, वाद्ये वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेली, आणि गायिका कानाला यंत्र लावून एकटीच उभी. समोर कुणी तबलजी नाही की जो मान हलवून दाद देईल. यंत्राचा ठेका कधी चुकत नाही आणि कुणासाठी थांबतही नाही. त्याच्या किंचित मागे राहून गाणे, शब्दाला उशिरा स्पर्श करणे, ही गोष्ट त्यांनी त्या अल्बममध्ये जागोजाग केली आहे. हे आम्हांला आज ऐकू येते. तेव्हा आम्ही मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ नुकतेच हाती घेतले होते. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तिन्ही तत्त्वांचा मारा करून आम्ही त्या गाण्यांना निकालात काढले होते. मर्ढेकरांनी आम्हांला क्षमा करावी.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात यायला हवी होती, कारण ती आमच्या अभ्यासक्रमातच होती. ‘पॉप अल्बमचे पदार्पण’ हा शब्दप्रयोग बाजाराचा. चित्रपटाबाहेरचे, कवीच्या नावाने ओळखले जाणारे, तबकडीवर आणि आकाशवाणीवर जगणारे गाणे मराठीला नवे नव्हतेच. आपण त्याला भावगीत म्हणतो. शांताबाई शेळके यांचे ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’, आरती प्रभूंचे ‘ये रे घना’, सुरेश भटांचे ‘तरुण आहे रात्र अजूनी’ ही आशाबाईंची गाणी हृदयनाथांच्या चालींवर कधीचीच घरात येऊन बसली होती. भावगीतालाही एकेकाळी बैठकीच्या गायकीपुढे हलके, पातळ म्हणून हिणवले गेले होते. त्याहून मागे जायचे तर मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवला, तेव्हाही तबकडीने गाणे बाटले असे मानणारे होतेच. प्रत्येक पिढीला आपल्या आधीचे हलके गाणे अभिजात वाटते. आम्ही वाटव्यांच्या भावगीतावर निबंध लिहीत होतो आणि लेस्ली लुईसच्या चालीवर नाक मुरडत होतो. या दोन कृतींमधली विसंगती आमच्या एकाही प्राध्यापकाने दाखवली नाही. आम्हीही आता प्राध्यापक आहोत, तेव्हा हे वाक्य जपून लिहिले आहे.

फेब्रुवारी १९९८मध्ये गंमत झाली. कॉर्नरशॉप या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे नॉर्मन कुक यांनी नव्या ठेक्यावर बसवले आणि ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. आशाबाईंच्या जुन्या तबकड्यांवरचे ते प्रेमगीत. बातमी आली आणि सांगलीत जो तो सांगू लागला की ही आमच्या गावची मुलगी. १९३३ साली इथेच जन्मली, मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीचे बिऱ्हाड इथेच होते. जी माणसे चार महिन्यांपूर्वी ‘या वयात शोभते का’ म्हणत होती, तीच हे म्हणत होती. आम्ही ते कात्रण वहीत चिकटवले. वार्षिकाचा अंक त्याच कपाटात होता.

आता कॅसेटविषयी. ती आम्ही विकत घेतली नव्हती. लेख लिहिण्यासाठी ती आम्हांला घरातच मिळाली. आमच्यातल्या सांगलीच्या एकीच्या आईने स्वतःसाठी आणली होती. आई तेव्हा पन्नाशीला आली होती. घरखर्चातून पन्नासच्या आसपास रुपये बाजूला काढून तिने स्वतःसाठी घेतलेली दुसरी कोणतीही वस्तू आम्हांला आठवत नाही. आम्ही ती कॅसेट टेपवर लावून, मध्येच थांबवून, एकेका ओळीची नक्कल करीत लेखाचे मुद्दे काढले. आई स्वयंपाकघरात होती. तिने काही म्हटले नाही. लेख छापून आल्यावर तिने तो वाचला आणि ‘छान लिहिलंय गं’ एवढेच बोलली. त्यानंतर ती कॅसेट घरात कधी वाजली नाही. निदान आमच्यासमोर नाही.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. पाणी उतरल्यावर साताऱ्याहून दुसरीही मदतीला आली आणि आम्ही दोघी चार दिवस गाळ उपसत होतो. पुस्तकांचे लगदे झाले होते. प्रबंधांच्या प्रती, विद्यार्थ्यांच्या वह्या, वार्षिकाचे अंक, सगळे टोपल्यांनी रस्त्यावर नेऊन टाकले. आईच्या लाकडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत दोरा गुंडाळून ठेवलेली ती कॅसेट निघाली. वेष्टनाच्या घड्या झिजून त्याचे तीन तुकडे झाले होते. कॅसेटवरची अक्षरे बोटांनी पुसली गेली होती, ‘अ’ बाजूची अधिक. पुराने अक्षरे अशी जात नाहीत. आम्ही कॉलेजला गेल्यावर दुपारी घर रिकामे होई. किती दुपारी, हे आता कुणाला विचारणार?

गेल्या वर्षी साताऱ्यातल्या एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय आणला : आशा भोसले यांची चित्रपटबाह्य गाणी, भावगीत ते पॉप. विभागात आक्षेप निघाला की यात साहित्यकृती कुठे आहे, आणि हिंदी गाण्यांचा मराठी विभागाशी संबंध काय. दुसरा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. आमच्यातली जी तिथे बसली होती, तिला लेख आठवला, पेटी आठवली, आणि तरीही तिने पटकन हात वर केला नाही. मुलगी बाहेर बाकावर वाट पाहत होती. शेवटी ‘गीतरचना आणि तिचा स्वीकार’ असा गोलमोल मथळा करून विषय मान्य झाला. लेस्ली लुईसचे प्रकरण शेवटी, परिशिष्टात घालावे असे ठरले. आम्ही तेही मान्य केले.

त्या मुलीला दाखवायची म्हणून कॅसेट मिरजेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने फीत काढून, पुसून दुसऱ्या डबीत बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. सांगलीच्या घरी आम्ही तिघींनी ती लावली. पुन्हापुन्हा वाजून त्या बाजूचे मुद्रण विरले असावे. ठेका बोथट झाला होता आणि आवाज दबका झाला होता. नायिकेचा नव्हे, थकलेल्या बाईचा आवाज वाटत होता. मुलगी म्हणाली, ‘मॅडम, मोबाइलवर स्वच्छ आहे, लावू का?’ आम्ही नको म्हटले. पहिली बाजू संपली. उलटून दुसरी लावली, ती मात्र जवळजवळ कोरी करकरीत वाजली.