हाडांचा हिशेब

आपल्या भाषेत खणण्याला प्रतिष्ठा नाही. जुनी मढी उकरून काढणारा माणूस लग्नाच्या पंगतीत कुणालाच शेजारी नको असतो. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, अशी ताकीद आपल्याला लहानपणापासून मिळालेली. डोंगर पोखरला तर उंदीर निघतो आणि भिंत पोखरली तर पोलीस येतात. एवढं सगळं ऐकून मोठा झालेला मराठी माणूस फार तर तुळशीच्या रोपापुरतं खणतो, आणि तेही बायकोने तिसऱ्यांदा सांगितल्यावर. म्हणूनच काही माणसं रीतसर पगार घेऊन, गुडघे टेकून, कुंचल्याने जमीन झाडत बसतात आणि जग त्यांना विद्वान म्हणतं, याचा मला फार हेवा वाटतो.

या विद्वानांच्या साऱ्या जागांमध्ये माझी भक्ती जडली आहे ती वायराउ बार या जागेवर. जागा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ईशान्येच्या बाजूला. वायराउ नदी समुद्राला मिळते तिथे दगडगोट्यांचा लांबलचक बांध तयार झाला आहे. माओरी लोक त्याला ‘ते पोकोहीवी ओ कूपे’ म्हणतात, म्हणजे कूपेचा खांदा. कूपे हा त्यांच्या कथांमधला थोर दर्यावर्दी. माणूस थोर असला की त्याच्या नुसत्या खांद्यावर गाव वसतं. आमच्या खांद्यावर बाजाराची पिशवी आणि वरिष्ठांचा हात याखेरीज काही टेकल्याचं आठवत नाही.

१९३९ साली तिथे जिम आइल्स नावाचा तेरा वर्षांचा मुलगा राहत होता. या वयातल्या मुलाला खणायचं असलं तर कारण लागत नाही. तो खणत सुटला आणि त्याला एक अखंड अंडं सापडलं. अंडं म्हणजे साधंसुधं नव्हे, मोआ पक्ष्याचं. मोआ म्हणजे पंखांचा मागमूसही नसलेला पक्षी. त्यातली सर्वांत मोठी जात मान ताणून उभी राहिली की साडेतीन मीटरच्या घरात जाई आणि वजन दोनशे किलोच्या पुढे. एका अंड्यात अख्ख्या चाळीचं ऑम्लेट व्हावं. या अंड्याला मात्र व्यवस्थित भोक पाडलं होतं, कारण ते पाण्याचा तांब्या म्हणून वापरलं होतं. आणि तो तांब्या ज्याच्या प्रवासासाठी ठेवला होता, तो मनुष्यही तिथेच होता. गळ्यात व्हेलच्या दातांचा अलंकार घालून सहाशेहून अधिक वर्षं तो शांत झोपला होता.

आमच्याकडे असं काही सापडलं असतं तर पोराला आधी चौदावं रत्न मिळालं असतं, मग आंघोळ घातली असती आणि शेवटी शांत केली असती. तिथे संग्रहालयवाले आले. १९४२ पासून कँटरबरी म्युझियमच्या रॉजर डफ यांनी उत्खनन केलं आणि १९५० साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. चाळीसहून अधिक दफनं उघडली गेली. दगडी तासण्या, हार, मोआची अंडी असं सगळं वर आलं. या तासण्या आणि हे दागिने दूरच्या पॉलिनेशियन बेटांवरच्या वस्तूंशी जुळत होते. म्हणजे न्यूझीलंडमध्ये उतरलेल्या अगदी पहिल्या मंडळींचा हा मुक्काम होता, तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा.

हा काळ कसा काढतात हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं. कोळशात, हाडात, अंड्याच्या कवचात एक प्रकारचा कार्बन असतो. जीव गेला की तो घटू लागतो आणि सुमारे ५७३० वर्षांनी निम्मा होतो, मग उरलेल्याचा निम्मा, मग त्याचाही निम्मा. अहो, हा तर घसारा! घटत्या शिलकीवर आकारलेला! बी.कॉम.ला आम्ही यंत्रसामग्रीवर रकानेच्या रकाने भरून जो घसारा काढला, तोच निसर्ग मोआच्या अंड्यावर काढतो आहे. फरक इतकाच, की निसर्गाच्या वहीत खाडाखोड नसते आणि ऑडिटरला चहा पाजावा लागत नाही.

त्याहून मौज दातांची आणि हाडांची. दाताचं वरचं कवच लहानपणी तयार होतं ते कायमचं. तेव्हा जे खाल्लं, ज्या मातीत उगवलेलं खाल्लं, त्याची रासायनिक खूण त्यात बंद होऊन राहते. हाड मात्र आयुष्यभर थोडं थोडं झिजतं आणि नव्याने भरतं. तेव्हा दात म्हणजे मुदत ठेव आणि हाड म्हणजे बचत खातं. दोन्हींचे उतारे शेजारी ठेवले की माणूस कुठे वाढला आणि पुढे काय खाऊन जगला, हे कळतं. २०१३ साली वायराउ बारच्या मंडळींचे असे उतारे प्रसिद्ध झाले. दफनांच्या एका गटातल्या लोकांचं खाणं एकमेकांशी जुळत होतं. बाकीच्यांचं मात्र निरनिराळं निघालं, कारण ते निरनिराळ्या ठिकाणी राहिले होते आणि पुरण्यासाठी इथे आणले गेले असावेत. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढून शेवटी मूळ गावी यावं, ही ओढ चौदाव्या शतकातही होती तर! त्यांना मात्र कुणी प्रवासभत्ता दिल्याची नोंद नाही.

या लोकांबद्दल शहाणी माणसं पूर्वी काय काय बोलत! १९५६ साली अँड्र्यू शार्प यांनी मांडलं, की एवढ्या दूरच्या समुद्रात ठरवून जाणं-येणं त्यांना शक्यच नव्हतं. वारा नेईल तिकडे गेले आणि लागले किनाऱ्याला. म्हणजे आमची सौ. मला भाजीला पाठवते आणि मी पुस्तकांच्या दुकानात सापडतो, तसला प्रकार. पण २०१२ साली वायराउ बारच्या चौघांची आईकडून येणारी जनुकीय वंशावळ पूर्ण वाचण्यात आली. त्या चौघांतल्या निदान तिघांची आजी-पणजी एक नव्हती. एकाच कुटुंबाची होडी भरकटत आली असती तर असं आढळतं ना. हे बरेच लोक, निरनिराळ्या घरांतले, ठरवून आले होते. कुठे काय आहे हे ठाऊक नसताना बायकापोरांसह होडीत बसायचं! आम्ही रिझर्वेशन पक्कं असूनही गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसतो.

पॉलिनेशियन माणसाच्या खालच्या जबड्याचीही एक गंमत आहे. त्याची खालची कड बऱ्याचदा गोलसर असते. टेबलावर ठेवून टिचकी मारली की तो पाळण्यासारखा डुलतो. हे वाचून मी हसलो खरा, पण हसू फार टिकलं नाही. टिचकी मारायला तो जबडा टेबलावर आणला कुणी आणि कुणाला विचारून?

कारण वायराउच्या खांद्यावर राहणाऱ्या रांगिताने लोकांच्या दृष्टीने ते नमुने नव्हते, ते त्यांचे पूर्वज होते. खणणं चालू होतं त्या काळातच त्यांनी विरोध केला होता. तो कुणी मनावर घेतला नाही. हाडं खोक्यात गेली, खोकी संग्रहालयात गेली. आमच्या बँकेत खातेदाराची सही किंचित वाकडी आली तरी आम्ही शंभर रुपये देत नाही. इथे सहीशिवाय आख्खे पूर्वज काढून नेले होते.

वडिलांच्या अस्थी घेऊन मी नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. कलश अगदी हलका होता. एवढा मोठा आवाज असलेला माणूस एवढ्याशा वजनात मावतो, हे हातांना पटत नव्हतं. त्या वेळी कुणी येऊन म्हणालं असतं, की ‘साहेब, जरा अभ्यासाला हवाय, सत्तर वर्षांनी परत करू,’ तर माझ्यासारख्या गरीब कारकुनाच्याही तोंडून काय निघालं असतं, ते इथे छापता येणार नाही.

रांगिताने लोकांनी शिव्या दिल्या नाहीत. ते वर्षानुवर्षं मागत राहिले. हेलपाटे म्हणजे काय, हे काउंटरच्या आतल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही; घालायला लावणारे आम्हीच. शेवटी परतीचं ठरलं, आणि मग त्यांनी जे केलं त्याने मी थक्क झालो. पुन्हा मातीत ठेवण्याआधी ओटागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना त्यांनी पूर्वज अभ्यासू दिले, नमुने घेऊ दिले. मघाशी सांगितलेले दाताहाडांचे उतारे आणि आज्या-पणज्यांची वंशावळ हे सगळं त्या परवानगीतून आलं. न विचारता नेलं तेव्हा विद्वानांना हाडं मिळाली होती; विचारल्यावर माणसं मिळाली.

एप्रिल २००९ मध्ये ते सगळे पूर्वज कूपेच्या खांद्यावर परत गेले. समुद्र तोच, नदी तीच, गोटेही बहुधा तेच. कुणी बारा-तेरा वर्षांचा असताना तिथे आला असेल, कुणी म्हातारपणी खांद्यावरून आणला गेला असेल. त्यांनी आपल्या माणसांना शेवटच्या प्रवासासाठी पाण्याने भरलेलं अंडं दिलं होतं. मधल्या सत्तर वर्षांच्या मुक्कामाची तरतूद मात्र त्यात नव्हती.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ठेव वारसांना परत मिळाली. व्याज म्हणून जगाला थोडं ज्ञान मिळालं. खातं बंद झालं आणि ते पुन्हा कुणी उघडू नये, अशी आमची, म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंची, नम्र विनंती आहे.