जुळणी आणि रचना

एखादी वस्तू प्रथमच घडवू पाहणाऱ्या माणसासमोर पहिला प्रश्न असतो तो निवडीचा. सगळे काही स्वतःच्या हाताने करावे, की दुसऱ्याने तयार केलेले सुटे भाग आणून त्यांची जुळणी करावी? वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो स्वतःच्या अज्ञानाची सीमा ओळखण्याचा प्रश्न आहे. तयार भागांचा संच मागविणारा माणूस आपल्याला काय येत नाही याची कबुली देतो आणि त्याच वेळी काय शिकण्याची आपली इच्छा आहे हेही ठरवितो. संच कोणता निवडला यावरून निवडणाऱ्याची कुवत कळते, त्याहून अधिक त्याची दिशा कळते.

बंगळूरच्या इतिहासात अशी एक निवड १९४० साली झाली. ती करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने रेल्वेच्या कंत्राटांपासून प्रारंभ केला आणि पुढे सिंदिया कंपनीच्या द्वारे नौकानयनाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. १९१९ साली मुंबईहून लंडनकडे निघालेली त्या कंपनीची पहिली बोट ‘लॉयल्टी’ ही स्वतः बांधलेली नव्हती. ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेली जुनी बोट होती. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ पाण्यात उतरली ती १९४८ साली. आधी दुसऱ्याची वस्तू चालवावी, मग तिची दुरुस्ती करावी, मग तशी वस्तू स्वतः उभारावी, असा हा क्रम होता. या क्रमात अधीरता आहे, परंतु उतावळेपणा नाही.

१९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली यांच्याशी भेट झाली. पॉली हे चीनमध्ये अमेरिकन विमानांची जुळणी करणारा कारखाना चालवीत होते. त्या भेटीतून बंगळूरच्या कारखान्याची कल्पना रुजली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी तिला आश्रय दिला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या कंपनीची नोंदणी झाली. भांडवलात संस्थानाचा वाटा होता. १९४१ साली हिंदुस्थान सरकारही भागीदार झाले. युद्ध पेटलेले होते. ज्या देशात विमानाचा कारखानाच नव्हता तिथे विमान बनवायचे होते.

म्हणून सुटे भाग आणायचे ठरले. तीन प्रकारची अमेरिकन विमाने निवडली गेली : हार्लो हे प्रशिक्षणाचे विमान, कर्टिस हॉक हे लढाऊ विमान आणि व्हल्टी हे हल्ल्यासाठीचे विमान. युद्धाची निकड पाहता हॉकला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक ठरले असते. बंगळुरात प्रथम उभे राहिले ते मात्र हार्लो. दोन आसनांचे, साधे, धातूच्या पत्र्याचे. या विमानाचे कुळ मोठे अर्थपूर्ण आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजात मॅक्स हार्लो हे अध्यापक होते. त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक विमान घडविले. त्याच वंशातले हे पुढचे विमान. म्हणजे एका वर्गातला पाठ दुसऱ्या खंडातल्या दुसऱ्या वर्गाचा पहिला धडा झाला. विमान उडविण्यास शिकविणारे हे यंत्र आधी विमान जोडण्यास शिकविणारे ठरले. ऑगस्ट १९४१ मध्ये, कंपनी स्थापन झाल्यापासून अवघ्या आठ महिन्यांत, ते बंगळूरच्या आकाशात उडाले. पहिल्या हॉकने उड्डाण केले ते त्यानंतर सुमारे वर्षभराने, १९४२ साली.

या यशाचे मोल नेमके किती? जुळणीच्या कामात उत्तर आधीच ठरलेले असते. पत्र्याला भोक कुठे पाडायचे हे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात निश्चित केलेले असते. ते तिथेच का, हा प्रश्न जोडणाऱ्याला पडत नाही, आणि पडला तरी त्याचे उत्तर संचाबरोबर येत नाही. तरीही हात काहीतरी शिकतातच. रिव्हेट किती ठोकावा म्हणजे पत्रा सुरकुतत नाही, एका भागातली केसभर चूक पुढच्या भागात बोटभर कशी होते, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. जुळणीतून शिस्त येते, रचना येत नाही. परंतु त्या शिस्तीवाचून रचना उभीच राहत नाही.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला हा क्रम अपरिचित वाटू नये. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’च्या रूपाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा कथानक, पात्रे, प्रसंगांची बांधणी हे सारे कालिदासाकडून आलेले होते. पदे आणि चाली तेवढ्या मराठी वळणाच्या होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर येऊ लागले. तिथे कथा महाभारतातली असली तरी संवादांचे सांधे किर्लोस्करांनी स्वतः घडविलेले आहेत. ‘शाकुंतल’ची जुळणी झाली नसती तर ‘सौभद्र’ची रचना इतकी सहज झाली असती असे म्हणवत नाही. रूपांतराला हिणविणारी समीक्षा हे विसरते. आणि रूपांतरातच रमणारा लेखक त्याहून मोठी गोष्ट विसरतो.

बंगळूरच्या कारखान्याची पुढची कथा सरळ नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. १९४३ साली कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेला आणि तिथे मुख्यतः विमानांच्या दुरुस्तीचे काम चालू झाले. ज्याने पहिला संच निवडला, त्याच्या हातून कारखाना दीड वर्षाच्या आतच निसटला. मोबदला मिळाला, पण शिकण्याचा जो क्रम मनाशी आखला होता, तो पुरा करण्याची संधी मोबदल्यात मोजता येत नाही.

तो क्रम पुरा केला दुसऱ्या एका मराठी माणसाने. डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्यापाशी त्यांनी वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले आणि पुढे बंगळूरला येऊन भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापनही केले. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ या विमानाची रचना झाली. तेही दोन आसनांचे, प्रशिक्षणाचेच. म्हणजे पहिली जुळणी आणि पहिली रचना यांचा विषय एकच होता. बदलला तो प्रश्न विचारणारा. पत्र्यातले भोक कुठे असावे, हे आता बंगळुरात ठरत होते.

अर्थात एचटी-२चे सिरस इंजिन ब्रिटिशच होते. १९६४ साली उडालेल्या, घाटग्यांच्याच नेतृत्वाखाली घडलेल्या ‘किरण’चेही इंजिन ब्रिटिश, आणि २०१६ साली हवाई दलात दाखल झालेल्या ‘तेजस’चे अमेरिकन. संपूर्ण स्वतःचे असे काही एका पिढीत घडत नाही. उसने भाग कमी होत जातात, पण ते पुरते संपत नाहीत.

एचटी-२ने पहिले उड्डाण केले तेव्हा वालचंद हयात होते. परंतु १९४९ सालच्या पक्षाघाताने त्यांना उद्योगापासून दूर केले होते. एप्रिल १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. हार्लो उडाले तो महिना ऑगस्टचा, वर्ष १९४१. एचटी-२ उडाले तोही महिना ऑगस्टचा, वर्ष १९५१. गाव तेच आणि कारखानाही तोच. दुसऱ्याने आखलेल्या भोकात रिव्हेट ठोकण्यापासून ते भोक स्वतः आखण्यापर्यंत पोहोचायला या कारखान्याला बरोबर दहा वर्षे लागली.