कारंजाहून परळपर्यंत

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) ही काष्ठासंघ, सेनगण व बलात्कारगण अशा तीन मंदिरांची आणि कापसाच्या बाजाराची नगरी. येथील यात्रेकरू शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघतो, तेव्हा मुक्कामाची चिंता त्याला नसते, धर्मशाळा असतेच. कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण मात्र नागपूरची किंवा मुंबईची वाट धरतो आणि औषधाइतकाच राहण्याचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

किरणोपचार काही मिनिटांत आटोपतात. पण पुष्कळदा ते आठवड्यातून 5 दिवस, 5-6 आठवडे घ्यावे लागतात. तेवढे दिवस परक्या शहरात खोलीचे भाडे भरताना शेतमजुराचेच काय, लहान दुकानदाराचेही कंबरडे मोडते आणि उपचार अर्धवट सुटतात. रेल्वे कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण सवलत देते. छपराला अशी सवलत कोठून आणावी?

गाडगेबाबा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांना व नातलगांना आसरा देते. आचार्य समंतभद्रांनीही रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्य सांगताना आहार आणि औषधाबरोबर आवास गणला आहे. आहारदानाचे फलक ठिकठिकाणी दिसतात, आवासाचे क्वचित.

रुग्ण निघण्यापूर्वी रुग्णालयाचे कागद, सवलतीचा दाखला व ओळखपत्र यांच्या प्रती समाजातील कोणी जाणत्याने काढून द्याव्यात. सोबत कोण जाणार आणि मागे दुकान कोण उघडणार, हेही त्याच बैठकीत ठरावे.