लाल दाढीचं धान

मे महिन्यात नवेगावबांधजवळ, जंगलाला लागून असलेल्या एका आटलेल्या बोडीत उतरलो होतो. चिखल वाळून त्याच्या फरश्या झालेल्या. त्यातली एक उचलून गुडघ्यावर फोडली, तर आत राखेच्या रंगाची माती आणि तिच्यातून उभ्या गेलेल्या नारिंगी रेघा. गंजलेली तार वाटली म्हणून नखानं उकरून पाहिलं. तार कुठली! मूळ कधीच कुजून गेलेलं, त्याच्याभोवतीचा गंज तेवढा नळीसारखा उरलेला.

गंज मात्र खराच. बोडी भरली की मातीतली हवा काही दिवसांत संपते. मग तिथले जीवाणू लोखंडावर भागवतात. लोखंड विरघळतं, तांबूसपणा जातो, माती करडी पडते. पण पाण्यातल्या झाडांचे देठ आतून पोकळ. वरची हवा त्यांतून मुळापर्यंत उतरते, मुळातून थोडी बाहेर झिरपते आणि विरघळलेलं लोखंड तिथेच पुन्हा गंजून बसतं. शाळेत आम्हाला काळी, तांबडी आणि जांभी माती शिकवली. करडीला कुणी विचारलंच नाही.

काठावर अर्जुन आणि जांभूळ. खोडांवर पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ, माझ्या कमरेएवढी. खाली वाळका लव्हाळा. बेशरमही होतीच, ती कुठे नसते? आणि मधोमध देवधानाची पिवळी थोटकं.

देवधान म्हणजे रानातला भात, आपल्या तांदळाचा पूर्वज. शास्त्रीय नाव ओरायझा रुफिपोगॉन. रुफिपोगॉन म्हणजे लाल दाढीवाला, आणि कुसळं खरंच तशी.

आजीला ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नसे. साकोलीची मावशी तिच्यासाठी देवधान पाठवायची, तेही आदल्या हंगामातलं, कारण पंचमीला बोडीत ते अजून हिरवंच असतं. या धानाला कापणीपर्यंत दम नाही. दाणा पिकला की गळून चिखलात. म्हणून मावशी पहाटे, दव असतानाच पाण्यात शिरायची आणि ओंब्यांवरून टोपली झुलवत जायची. सकाळभरात पायलीही भरत नसे. एका दिवाळीच्या सुट्टीत मीही हट्टानं गेलो. नऊ वर्षांचा होतो. तिनं टोपली माझ्या हातात दिली, माझा पाय चिखलात रुतला आणि सगळं धान पाण्यावर पसरलं. मला वाटलं, आता धपाटा बसणार. ती हसली. म्हणाली, "बोडीचं बोडीत गेलं." आणि पुन्हा पहिल्यापासून झुलवायला लागली.

पुढच्या पंचमीला ऋषीच्या भाजीबरोबर आजीनं तो भात शिजवला. मी मागून एक घास घेतला. जाडा, तांबूस, चावून चावून गाल दुखवणारा.

मला तो अजिबात आवडला नाही.