ओपन करते

सर्जरीच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष सर्जरी शिकण्यात जात नाही. ते ड्रेसिंग करण्यात, रक्ताच्या बाटल्या मिळवण्यात आणि हरवलेले एक्स-रे शोधण्यात जातं. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक आणि मग एम.एस.ची तीन, हा झाला कागदावरचा हिशेब.

१९९०च्या दशकात मी एका सरकारी रुग्णालयात रेसिडेंट होते. इमर्जन्सीच्या दिवशी रात्रभर पोटं यायची: फुटलेला अल्सर, टायफॉइडनं भोक पडलेलं आतडं, अडकलेला हर्निया. सीटी स्कॅन सहज मिळत नसे. पोटावर हात ठेवायचा, उभ्यानं एक्स-रे काढायचा आणि डायफ्रामखाली हवा दिसली की पेशंट टेबलावर. आमचा निर्णय होण्याआधीच वॉर्डातले मामा ट्रॉली घेऊन निघालेले असायचे. त्यांचा अंदाज बहुधा बरोबर ठरे.

ऑपरेशनला उभं राहायचं ते रिट्रॅक्टर धरायला. हात भरून येतात, दिसत फारसं काही नाही. पण सर कुठे थांबतात, ते तिथूनच कळतं. पुढे हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स हाती आलं. पित्ताशय फार उशिरा.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायला डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात सुरुवात केली. ते तंत्र आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, त्यामुळे मी आधी बरगडीखाली छेद घेऊन शिकले आणि लॅप्रोस्कोपी नंतर, कॅमेरा धरता धरता.

या ऑपरेशनचा नियम सोपा आहे, सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा व्हायला हवा आणि आत शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसायला हव्यात: नळी आणि रोहिणी. तोवर क्लिप लावायची नाही. पण वारंवार सुजून गेलेल्या पित्ताशयात सगळं चिकटून बसलेलं असतं. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी वाटू शकते. ती कापली गेली, तर कावीळ, जंतुसंसर्ग आणि आणखी मोठं ऑपरेशन वाट्याला येतं.

अशा वेळी काम पुढे सरकेनासं झालं की मी भूलतज्ज्ञांना सांगते, ‘ओपन करते.’ सिस्टरनी मोठा ट्रे आधीच काढून ठेवलेला असतो. अवघड असतं ते बाहेर जाऊन सांगणं. ‘दुर्बिणीचं ठरलं होतं ना, मॅडम?’ मोठी जखम, घरी जायला उशीर, वाढलेला खर्च. चिडणं साहजिक आहे. (‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ हे तर भरती होतानाच विचारून झालेलं असतं. बाई सर्जन असते, याची आमच्या तालुक्याला अजून पुरती सवय नाही.)

हल्ली माझ्याबरोबर काम करायला येणारे तरुण सर्जन दुर्बिणीच्या कामात माझ्याहून चपळ आहेत. ओपन पित्ताशयं मात्र त्यांनी मोजकीच पाहिलेली असतात. दोष त्यांचा नाही. सोपी ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, उघडावी लागतात ती फक्त अवघड. मग हात बसायचा कशावर? दुर्बिणीची कार्यशाळा सगळीकडे भरते, पोट उघडण्याची क्वचितच. मला हे धोक्याचं वाटतं.

तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना एवढं विचारा: मध्येच अडलं तर तुम्ही काय करता? ‘आमच्याकडे तसं होतच नाही,’ असं उत्तर आलं, तर आणखी एका सर्जनचं मत घ्या.