दह्याला तार का सुटते?

सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की तिसरं दही लागतंच. मी कॉन्व्हेंटची. शाळेत लॅक्टोबॅसिलस पाठ केला, पण 'विरजण' हा शब्द शिकवला हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींनी.

गेल्या थंडीत या मावशींवर संकट आलं. दह्यात चमचा घातला की तार निघायची. तक्रारवहीत कुणीतरी लिहिलं, 'दही शिळं, चिकट.' दुसऱ्या दिवशी मावशींना बोलणी बसली. दह्याला घाण वास नव्हता, चव मस्त आंबटगोड होती. पण तार दिसली ना, मग संपलंच!

मंडळी, ही तार म्हणजे साखर आहे. चहातली नव्हे हं. लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस अशा दह्यातल्या जिवाणूंचे काही वाण ग्लुकोज, गॅलॅक्टोज असे तुकडे जोडून लांबच लांब साखळ्या बनवतात. काही साखळ्या त्यांच्या अंगाला चिकटून राहतात, काही सुटून दह्यात मिसळतात. त्या पाणी धरून ठेवतात आणि चमच्याबरोबर ताणल्या जातात. लॅक्टोकॉकसमध्ये ही कृती प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या रिंगवर लिहिलेली असते, आणि ती रिंग हरवूही शकते. त्यामुळे एका विरजणाला तार येते, दुसऱ्याला नाही. २० अंशांच्या आसपास हे लॅक्टोकॉकस जास्त तार काढतात, म्हणजे आपल्याकडे थंडीत (सोलापुरात जी काय असते ती!). फिनलंडमध्ये तर 'विली' नावाचं तारेचंच दही लोक आवडीने खातात.

जिवाणूच्या भिंतीवर साखरेच्या आणखीही साखळ्या असतात. त्या मात्र महागात पडतात. फाज नावाचे विषाणू त्यांनाच धरून आपला डीएनए आत सोडतात, आणि डेअरीतली अख्खी टाकी लागतच नाही. म्हणून डेअरीवाले विरजणाचे वाण आलटूनपालटून वापरतात. थर्मोफिलस या विषाणूंना कसा तोंड देतो हे तपासतानाच, २००७ साली, क्रिस्पर हे जिवाणूंचं संरक्षण आहे हे प्रयोगाने सिद्ध झालं. एवढं मोठं संशोधन, आणि ते दह्याच्या जिवाणूवर!

अर्थात तारेबरोबर कुबट वास आला किंवा रंग बदलला, तर ते काम दुसऱ्याच जंतूंचं. ते दही सरळ फेकायचं.

मावशींनी विरजण बदललं. तार गेली, पण आता दह्याला पाणी सुटतं. वहीत नवी ओळ आली आहे, 'दही पातळ.' जुन्या दह्याचं विरजण कुणा डे-स्कॉलरने घरी नेलं असेल, तर वाटीभर दही परत आणून द्या. मावशी विचारत होत्या.