भंगाराची खरी किंमत

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीत स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे नमुन्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण थोड्या वेळात सांगणारे यंत्र, घ्यावे की नाही हा प्रश्न निघाला, की हिशेब रिजेक्शनच्या टक्केवारीपाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच अडतो. कारण नाकारलेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते, लोखंड हातचे जात नाही आणि वहीत नुकसान किरकोळ दिसते. हे दिसणे फसवे आहे. लोखंड परत मिळाले तरी ते वितळवायला इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण 550 ते 600 युनिट वीज पुन्हा मोजावी लागते, साचा आणि कोअर, म्हणजे आतील पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, यांवरची मजुरी बुडते, आणि चांगल्या मालाला मिळायचा भट्टीचा वेळ कायमचा जातो. तोच दोष मशिनिंगनंतर उघड झाला तर कापण्याचा सगळा खर्चही त्यात मिळतो. ग्राहकाच्या जुळणीच्या ओळीवर सापडला तर माल निवडून काढणे, परत आणणे आणि पुढच्या मागणीची अनिश्चितता यांचा हिशेब कोणत्याच खात्यात नीट बसत नाही.

आर्मंड फायगेनबाउम यांनी 1956 साली गुणवत्तेच्या खर्चाची प्रतिबंध, तपासणी आणि अपयश अशी विभागणी मांडली, तिचा उपयोग इथे होतो. मात्र यंत्र कोणत्या खात्यात पडते हे त्याच्या वापरावर ठरते. गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या एसजी आयर्नमध्ये सुमारे 0.03 ते 0.05 टक्के मॅग्नेशियम उरावे लागते, आणि रसातील, म्हणजे वितळलेल्या लोखंडातील, गंधक ते खाऊन टाकते. म्हणून मॅग्नेशियम घालण्यापूर्वीच गंधकाचे प्रमाण कळले तर मात्रा ठरवता येते आणि हीट, म्हणजे भट्टीतील त्या खेपेचा रस, वाचते. नमुना रस ओतून झाल्यावर प्रयोगशाळेत पोचत असेल, तर तेच महागडे यंत्र केवळ अपयशाची नोंद ठेवते, आणि त्याच्या किमतीचे समर्थन करणे अवघड होते.

शिवाय प्रत्येक दोष रासायनिक नसतो, म्हणून रिजेक्शन थांबून होणारी सगळी बचत नव्या यंत्राच्या नावावर टाकणे अप्रामाणिक ठरते. वाळूतील जादा ओलाव्यामुळे पडणारे ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूची छिद्रे, स्पेक्ट्रोमीटर रोखू शकत नाही. त्यासाठी वाळूचा ओलावा आणि वायुपारगम्यता, म्हणजे वाळूतून वायू बाहेर पडू देण्याची क्षमता, तपासणारी त्यामानाने स्वस्त साधने नियमित वापरावी लागतात. गुंतवणुकीचा प्रस्ताव लिहिण्याआधी काही महिने प्रत्येक नाकारलेल्या कास्टिंगची नोंद दोष, कारण आणि तो सापडलेला टप्पा यांनुसार ठेवली, तर परतफेडीच्या काळात रासायनिक घटकांमुळे गेलेला मालच धरता येतो, आणि आलेला आकडा लहान असला तरी तो बँकेपुढे आणि भागीदारांपुढे टिकतो.